माझ्या सिनॉप्सिसमधलं एक चुकीचं वाक्य आणि रेल्वेच्या जेवणावरचा कॅगचा अहवाल



मागच्या पोस्टखाली बऱ्याच जणांनी विचारलं होतं की ‘सरकारी अहवाल लिटरेचर रिव्ह्यूमध्ये वापरता येतात का?’ येतात, आणि वापरायलाच हवेत. पण कसे वापरायचे हे मी एकदा चांगलाच अपमान करून घेऊन शिकले आहे. आज तोच किस्सा सांगते, आणि त्या निमित्ताने ज्या अहवालाचं नाव सगळे घेतात पण वाचत कोणीच नाही, त्याचं थोडं परीक्षणही करू.

माझा विषय अन्नसूक्ष्मजीवशास्त्र. प्रवासात विकल्या जाणाऱ्या शिजवलेल्या अन्नावर काम करायचं ठरवलं होतं. म्हणजे रेल्वेची पँट्री कार, ट्रॉलीवर येणारा नाश्ता, कॅनमधला चहा, डब्यातला व्हेज पुलाव. सिनॉप्सिसच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं: “भारतीय रेल्वेत मिळणारं बहुतांश अन्न माणसांनी खाण्यालायक नसतं (कॅग, २०१७).” वाक्य जोरदार होतं. मला तर फारच आवडलं होतं.

सादरीकरणात समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, “हे वाक्य अहवालात कुठल्या पानावर आहे?”

मी गप्प. कारण मी अहवाल उघडलाच नव्हता. बातम्या वाचल्या होत्या, दोन-तीन पेपरांच्या प्रस्तावनेत असंच वाक्य पाहिलं होतं, तिथून उचललं होतं. मॅडम पुढे म्हणाल्या, “बरं, पान राहू दे. बहुतांश म्हणजे किती? छेदात काय आहे?” त्याचंही उत्तर नव्हतं. त्या रात्री होस्टेलवर येऊन अहवाल डाउनलोड केला. पुढचं सगळं त्या वाचनातून आलं आहे.

आधी, हा अहवाल आहे काय?

नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच कॅग. त्यांचा २०१७ चा अहवाल क्रमांक १३, भारतीय रेल्वेतील खानपान सेवांवरचा. तो जुलै २०१७ मध्ये संसदेत मांडला गेला. लेखापरीक्षकांनी रेल्वेच्या अधिकाऱ्यांबरोबर मिळून ७४ स्थानकं आणि ८० गाड्यांची पाहणी केली. पेयांसाठी थेट नळाचं, शुद्ध न केलेलं पाणी वापरणं, झाकण नसलेल्या कचरापेट्या, उघडे अन्नपदार्थ, गाड्यांत उंदीर आणि झुरळं, बिल न देणं अशा बऱ्याच गोष्टी त्यांनी नोंदवल्या.

आता ज्या वाक्यावरून देशभर मथळे झाले ते पाहू. मी ते माझ्या शब्दांत सांगते. त्या वाक्यात एका दमात पाच गोष्टी येतात: खाण्यास अयोग्य पदार्थ, दूषित पदार्थ, पुन्हा वापरलेलं म्हणजे फिरवून विकलेलं अन्न, मुदत संपलेली पाकिटं-बाटल्या, आणि परवानगी नसलेल्या ब्रँडचं बाटलीबंद पाणी. या गोष्टी स्थानकांवर विक्रीला ठेवलेल्या आढळल्या, असं ते वाक्य म्हणतं.

पुन्हा वाचा. ‘बहुतांश’ कुठे आहे? नाही. ‘रेल्वेचं जेवण’ सरसकट? तेही नाही, वाक्य स्थानकांवरच्या विक्रीबद्दल आहे. पाच वेगवेगळ्या दोषांची यादी होती. बातमीत त्यातला सगळ्यात भयंकर दोष उरला आणि तो सगळ्या रेल्वेला चिकटला. मग तो पेपरांत गेला. तिथून माझ्या सिनॉप्सिसमध्ये.

पहिली तक्रार: एका पिशवीत पाच वस्तू

बातमीदारांना दोष देणं सोपं आहे. पण माझी पहिली तक्रार खुद्द अहवालाच्या त्या वाक्याबद्दलच आहे. या पाच गोष्टी एका रांगेत बसवायच्या नाहीत, कारण त्यांचा धोका एकसारखा नाही.

परवानगी नसलेल्या ब्रँडचं पाणी हा कराराचा भंग आहे. ते पाणी उत्तमही असू शकतं, वाईटही असू शकतं. ब्रँडवरून आपल्याला कळत नाही. मुदत संपलेलं बिस्किटाचं पाकीट हा कायद्याचा भंग आहे, ते विकता कामा नये. पण कोरड्या बिस्किटात जंतू वाढायला पाणीच नसतं, त्यामुळे माणूस त्याने आजारी पडेल ही शक्यता कमी. आणि फिरवून विकलेला भात? तो मात्र खरा धोका.

इथे माझ्या विषयातलं थोडं सांगते. बॅसिलस सेरियस नावाचा एक जिवाणू आहे. त्याचे बीजाणू भात शिजवला तरी मरत नाहीत. भात शिजला आणि तासन् तास कोमट राहिला की ते बीजाणू उगवतात, जिवाणू वाढतात आणि उलटी करवणारं विष तयार होतं. हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे तो भात पुन्हा कडकडीत गरम केला तरी जिवाणू मरतील, विष तसंच राहील. अन्नशास्त्रात साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा मानतात तो यासाठीच. बेस किचनमधून निघालेला डबा गाडीत चढेपर्यंत, आणि गाडीत चढल्यावर शेवटच्या डब्यातल्या प्रवाशाच्या हातात पडेपर्यंत या पट्ट्यात किती वेळ राहिला, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न.

आणि गंमत अशी, की हा भात दिसायला छान असतो. वासही येत नाही. उलट झुरळ दिसतं. झुरळ किळसवाणं आहेच, ते जंतू वाहूनही नेतं, मी त्याची वकिली करत नाही. पण डोळ्यांनी केलेली पाहणी काय पकडते? जे दिसतं ते. उघडी कचरापेटी पाहणीच्या तक्त्यात येते, चार तास कोमट राहिलेला भात येत नाही. त्यासाठी थर्मामीटर आणि घड्याळ लागतं.

म्हणून लक्षात ठेवा: कुठलाही अहवाल वाचताना ‘काय सापडलं’ याआधी ‘या पद्धतीला काय सापडू शकतं’ हे विचारा.

दुसरी तक्रार, जी मला मागे घ्यावी लागली

अहवाल वाचल्यावर मी फुशारकीने गाइडना म्हणाले, “सर, सात हजारांहून जास्त स्थानकं आहेत आणि यांनी ७४ पाहिली. नमुना फारच लहान आहे.”

सर म्हणाले, “अगं, डाळीला मीठ लागलंय का ते बघायला आख्खं पातेलं पितेस का?”

त्यांचं बरोबर होतं, आणि ही चूक तुमच्यातले निम्मे तरी करणार आहेत म्हणून थोडं गणित करू. समजा ८० गाड्यांपैकी ४० गाड्यांत एखादा दोष आढळला. (हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे, अहवालातला नाही.) म्हणजे ५० टक्के. ८० चा नमुना यादृच्छिक असेल तर ९५ टक्के खात्रीने खरा आकडा साधारण ३९ ते ६१ टक्क्यांच्या मध्ये असेल. पट्टा रुंद आहे, पण ‘ही मोठी समस्या आहे’ एवढं म्हणायला पुरेसा आहे. एकूण स्थानकं सात हजार आहेत की सत्तर हजार, याने त्या पट्ट्यात फारसा फरक पडत नाही.

अडचण नमुन्याच्या आकारात नसून ‘यादृच्छिक असेल तर’ या शब्दांत आहे. लेखापरीक्षक जिथे गडबड असण्याची शक्यता जास्त तिथे जाऊ शकतो, तो त्याच्या कामाचा भागच आहे. निवडीची रीत अहवालात वाचा आणि मगच टक्केवारी पुढे न्या.

आणखी एक. पाहणी रेल्वेच्या अधिकाऱ्यांसोबत झाली. समजा पँट्रीतल्या लोकांना पाहुणे येणार हे आधी कळलं. मग काय होईल? झाडलोट होईल, झाकणं येतील. म्हणजे आढळलेले दोष खऱ्यापेक्षा कमी असतील. इथे त्रुटी आहे, पण तिला दिशा आहे, आणि ती दिशा रेल्वेच्या बाजूची आहे. ‘अभ्यासात बायस आहे’ एवढंच लिहून थांबणारे विद्यार्थी खूप. बायस कुठल्या बाजूला ओढतो ते सांगा, तेव्हा ती टीका होते.

छेद नसेल तर काय होतं

आता समितीतल्या मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. कोकणातलं एक उदाहरण घेते. १५ ऑक्टोबर २०१७ रोजी करमळीहून मुंबईला येणाऱ्या तेजस एक्सप्रेसमध्ये नाश्त्यानंतर वीसहून अधिक प्रवाशांना त्रास झाला आणि त्यांना चिपळूणला रुग्णालयात न्यावं लागलं. पेपरांत मोठी बातमी झाली. बहुतेकांनी लगेच ठरवून टाकलं की नाश्ता दोषी.

असेलही. पण तुम्ही संशोधक आहात, तुम्ही काय विचारणार? किती आजारी पडले हा अंश झाला. किती जणांनी तो पदार्थ खाल्ला, आणि ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्यातले किती आजारी पडले?

पुन्हा काल्पनिक आकडे घेऊ. १०० जणांनी ऑम्लेट खाल्लं, त्यातले २० आजारी पडले: २० टक्के. ५० जणांनी खाल्लं नाही, त्यातला १ आजारी पडला: २ टक्के. खाणाऱ्यांत प्रमाण दहापट, म्हणजे ऑम्लेटवर संशय पक्का. आता न खाणाऱ्या ५० मधले १० आजारी पडले असं धरा. तिथेही २० टक्के. मग ऑम्लेट सुटलं, कारण पाण्यात किंवा आणखी कशात शोधा. दोन्ही वेळी ऑम्लेट खाऊन आजारी पडलेले २०च आहेत. बातमी तीच राहिली असती.

साथीच्या तपासात पहिल्या काही तासांत जेवलेल्या आणि न जेवलेल्या, दोन्ही लोकांची यादी करतात ती यासाठी. गाडीत हे करणं अवघड, कारण पुढच्या स्टेशनवर छेदच उतरून घरी जातो! पण अवघड आहे म्हणून तो प्रश्न रद्द होत नाही.

अहवालाचा भक्कम भाग, जो कोणी उद्धृत करत नाही

आतापर्यंत तक्रारी केल्या. पण मला वाटतं हा अहवाल चांगला आहे, आणि त्याचा सगळ्यात चांगला भाग झुरळांपासून बराच दूर आहे. तो आहे धोरणाबद्दल.

आयआरसीटीसी १९९९ मध्ये स्थापन झाली. २००५ चं खानपान धोरण आलं, खानपान तिच्याकडे. २०१० चं धोरण आलं, बहुतेक खानपान परत विभागीय रेल्वेकडे. फेब्रुवारी २०१७ मध्ये नवं धोरण, पुन्हा आयआरसीटीसीकडे; शिवाय अन्न शिजवणं आणि अन्न वाटणं ही दोन कामं वेगळी करायची. अहवालाचं म्हणणं असं की धोरण सारखं बदलल्याने कोणाची जबाबदारी काय हेच ठरेना आणि व्यवस्था उभी राहिली नाही. इथे लेखापरीक्षकाची पद्धत आणि प्रश्न एकमेकांना नीट बसतात. करार, तारखा, नोंदी, दंड हे कागदावर तपासता येतं आणि त्यांनी ते तपासलं.

यातून आणखी एक गोष्ट निघते. पाहणी झाली २०१० च्या धोरणाखाली. अहवाल संसदेत आला तोपर्यंत धोरण बदललेलं होतं. त्यामुळे आज कोणी ‘रेल्वेत नळाचं पाणी वापरतात (कॅग, २०१७)’ असं वर्तमानकाळात लिहिलं, तर ते एका जुन्या व्यवस्थेबद्दलचं विधान आजच्या व्यवस्थेवर लादणं आहे. आजची व्यवस्था वाईट असेल, चांगली असेल, ते आज मोजावं लागेल. क्रियापदाचा काळ ही संशोधनात फार महागडी गोष्ट आहे.

बिल आणि चहावाला

बिल मिळत नाही, ही अहवालातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली नोंद. मार्च २०१८ मध्ये रेल्वेने जाहीर केलं: बिल नाही तर जेवण फुकट. ऐकायला छान. यामागचं गृहीतक असं की लूट बिलाबाहेर होते, बिल आलं की लूट थांबली.

जून २०२२ मध्ये भोपाळ शताब्दीतल्या एका चहाच्या बिलाचा फोटो सगळीकडे फिरला. चहा २० रुपये, सेवाशुल्क ५० रुपये, एकूण ७०. बिल होतं! आणि ते नियमानुसारच होतं; तिकीट काढताना जेवण न घेतलेल्यांसाठी तो ५० रुपयांचा नियमच होता. ओरड झाल्यावर जुलैमध्ये चहा-कॉफीवरचं हे जादा शुल्क काढलं. म्हणजे ‘बिल दिलं का?’ हा प्रश्न विचारला असता तर उत्तर ‘हो’ आलं असतं, आणि प्रवाशाची तक्रार त्या ‘हो’च्या आत दडून राहिली असती. तुमच्या प्रश्नावलीतले हो-नाही प्रश्न एकदा या नजरेने तपासा.

दुसरी बाजू मला गाडीतच कळली. दिवाळीनंतर अमरावतीहून पुण्याला येत होते. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिली होती, त्यामुळे जेवण घ्यायचा प्रश्न नव्हता, पण चहा घेतला. कॅनवाल्या दादांना म्हटलं, बिल द्या. ते हसले. “ताई, मशीनच नाही तं बिल कुठून देऊ? रोजचं ठरलेलं भरावं लागते वर. त्याच्यावर उरलं तं माझं.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “तुम्ही तक्रार कराल तं माझंच नाव जाईन.”

हा एक माणूस. नमुना एकाचा. यावरून मी काहीही सिद्ध करू शकत नाही, आणि कॅनवर लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणं बरोबर असंही म्हणत नाही. पण तक्रारीच्या नोंदवहीत ‘जादा दर’ या रकान्यात जे नाव चढतं ते साखळीतल्या शेवटच्या माणसाचं असतं, हे मला तोपर्यंत सुचलंही नव्हतं. माझ्या प्रश्नावलीत विक्रेत्यांना विचारायचे अकरा प्रश्न होते: हात धुता का, टोपी घालता का, आरोग्य तपासणी झाली का. ‘तुमची कमाई कशी ठरते’ हा एकही नव्हता. उरलेला चहा फेकला तर नुकसान कोणाचं, यावर तो पुन्हा गरम होणार की नाही हे ठरतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारायला हवा होता.

मग टीका कशाला केली?

एक धोका सांगून ठेवते. अशी चिरफाड शिकल्यावर काही जण प्रत्येक अहवाल निकालात काढतात. ‘पद्धत सदोष’ म्हटलं की झालं. ज्यांना तो अहवाल नकोसा आहे त्यांना हे आयतंच हवं असतं. गाडीत उंदीर दिसला, तर तो दिसला. नमुना निवडीवर शंका घेऊन उंदीर पळत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे फरक एवढाच आहे: लेखापरीक्षक विचारतो, ‘ठरवलं होतं तसं झालं का?’ संशोधक विचारतो, ‘किती प्रमाणात होतं, आणि का होतं?’ पहिल्या प्रश्नाला एक ठोस उल्लंघन पुरतं. दुसऱ्याला छेद लागतो, तुलना लागते, काळ लागतो. कॅगने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मी ते दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून खपवलं. चूक माझी होती, त्यांची नव्हती.

माझं सुधारलेलं वाक्य आता असं आहे: “कॅगने २०१७ च्या अहवालात, २०१० च्या धोरणाखाली चालणाऱ्या खानपान सेवेची ७४ स्थानकं आणि ८० गाड्यांत पाहणी करून स्वच्छता, पाणी, मुदत आणि बिलिंगमधल्या उल्लंघनांची नोंद केली; मात्र अन्न तयार झाल्यापासून प्रवाशाच्या हाती पडेपर्यंतचा काळ आणि तापमान हा प्रश्न अशा दृश्य पाहणीच्या आवाक्याबाहेर राहतो.” पहिल्या वाक्याएवढं जोरदार नाही. पण याच्या दुसऱ्या अर्ध्या भागातून माझा संशोधन प्रश्न निघाला, आणि समितीने दुसऱ्या फेरीत तो मान्य केला.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या सिनॉप्सिसमधलं सगळ्यात आवडतं वाक्य काढा. त्याच्या कंसात जो संदर्भ आहे तो मूळातून उघडा. पान सापडतंय का? छेद सापडतोय का? काळ जुळतोय का? तिन्ही सापडलं तर छानच. नाही सापडलं तर वाक्य आजच बदला. समितीसमोर गप्प बसण्यापेक्षा ते फार स्वस्त पडतं, आणि तुमच्या वाक्यावर विसंबून पुढचा कोणीतरी सिनॉप्सिस लिहिणार आहे हेही लक्षात असू द्या.

पुढच्या पोस्टमध्ये चालत्या गाडीत अन्नाचं तापमान मोजताना काय काय फजिती झाली ते सांगते. तोवर प्रश्न असतील तर खाली विचारा.